खड्यांची रेघ

गारांचा मारा सुरू झाला आणि चौकातली माणसं कमानींखाली धावली, तेव्हा रोसेंदाच्या टेबलापाशी एक उंच, सावळा तरुण येऊन उभा राहिला. त्याच्या केसांतून, बाह्यांतून पाणी निथळत होतं, आणि निथळत होतं ते नेमकं तिच्या रंगीत पत्रकांवर.

ऑगस्टात मेक्सिको शहरात दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ फाटतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी छत्रीशिवाय घराबाहेर पडणारे महाभाग असतातच.

"पत्रकं भिजली," रोसेंदा म्हणाली.

"मग... विकत घ्यावी लागतील?"

"पत्रकं फुकट आहेत. सहल घ्यावी लागेल."

हे ती आपलं गमतीनं बोलली. कारण त्याचे बूट तिनं आधीच पाहून घेतले होते. तिच्या मावशीचा, तोमासाचा, सहलींचा धंदा होता. सकाळी बस भरायची, तासाभरावरच्या तेओतिवाकानला पिरॅमिड बघायला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. टेबल सांभाळायची रोसेंदा. तीन वर्षांत ती माणसाच्या पायांकडे बघून सहल सांगायला शिकली होती. नवेकोरे पांढरे बूट म्हणजे फोटोवाले, त्यांना पहाटेची सहल. उंच टाचा म्हणजे जेवणासकटची, चालणं कमी. ह्याच्या बुटांवर तर घोट्यापर्यंत चुना होता. घरं रंगवणारा असणार, हा कसली सहल घेतोय, असं तिनं ठरवूनही टाकलं.

पण त्यानं सहाही पत्रकं वाचून काढली. गारा थांबल्या, माणसं पांगली, तरी वाचत होता. लोक विचारतात दर काय, जेवण आहे का, परत किती वाजता. ह्यानं मान वर केली आणि विचारलं, "ह्यातला सगळ्यात छान बोलणारा मार्गदर्शक कोण?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. रोसेंदानं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पापण्यांवर अजून पाणी होतं आणि डोळे भलतेच गंभीर.

"डॉन अबुंदियो," ती म्हणाली. "चाळीस वर्षं बोलताहेत. ऐकणारे जेवायचं विसरतात."

"मग तेच," तो म्हणाला आणि रविवारची जागा घेऊन गेला. नाव सांगितलं निकानोर.

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा हजर. हातात निवडुंगाच्या पिकल्या बोंडांची पिशवी, काटे एकेक करून काढलेली. आईच्या परसातली आहेत म्हणाला.

"कसे वाटले डॉन अबुंदियो?" तिनं विचारलं.

"बोलतात छान," तो म्हणाला. "खोटं तर फारच छान बोलतात. आता दुसरा कोण आहे?"

असं आणखी तीन आठवडे चाललं. शनिवारी यायचं, टेबलाच्या कडेला टेकायचं, मागच्या मार्गदर्शकाची हजेरी घ्यायची आणि नवा निवडायचा. एक फारच भरभर बोलतो. एकाला माणसांपेक्षा स्वतःचा आवाज आवडतो. एक बाई चांगल्या सांगतात, पण त्यांना ऊन सोसत नाही. ऐकताना रोसेंदाला हसू आवरायचं नाही. गिऱ्हाईक आलं की तो बाजूला सरायचा, गेलं की पुन्हा जागेवर. एकदा बोंडात एक काटा राहिला होता, तो तिच्या बोटात गेला. त्यानं तिचा हात धरून तो काढला, आणि काटा निघाल्यावरही हात सोडायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही... तिच्याही नाही. मावशी मागून खाकरली तेव्हा दोघांना आठवण झाली.

"एवढ्या वेळा पिरॅमिड बघून हा त्यांच्याशी लग्न करणार आहे की काय?" मावशी म्हणाली. रोसेंदा पत्रकं सारखी करत बसली. ती सारखीच होती.

चौथ्या शनिवारी तिला जरा चेव चढला. ह्याला कुठलाच बोलणारा पसंत पडत नाही तर आपणच ऐकवावं, म्हणून तिनं आपलं ठेवणीतलं काढलं. तिथल्या भिंतींत दगडांच्या फटींतून चुन्यात बारीक काळे-तांबडे खडे बसवलेले आहेत, हे तिनं हात नाचवत सांगितलं. जुन्या लोकांनी ते बसवले. एक खडा म्हणजे एक तारा. भिंत म्हणजे अख्खं आभाळ. हे ऐकून बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

निकानोर मात्र हसत सुटला. इतका, की शेजारचा बूटपॉलिशवाला वळून बघायला लागला.

"हसायला काय झालं?"

"त्यातले निम्मे मी बसवलेत," तो म्हणाला.

मग उलगडा झाला. तो घरं रंगवणारा नव्हता. पिरॅमिडांच्या पायथ्याच्या सान मार्तिन गावचा गवंडी होता तो, आणि आठ वर्षं तिथल्या पडक्या भिंती उभ्या करायच्या कामावर होता. पडलेली भिंत पुन्हा बांधली की नव्या भागाच्या चुन्यात खडे दाबायचे, असा त्यांच्या कामाचा नियम. म्हणजे पुढे कुणाला शंका नको. खडे नाहीत तिथवर जुन्यांचं, खडे सुरू झाले की आमचं.

"त्यांच्या कामावर आपलं नाव लावायचं नाही," तो म्हणाला, "आणि आपल्या कामावर त्यांचं."

रोसेंदाला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन वर्षं, हजारो माणसं, आणि ती तारे विकत होती. "मला डॉन अबुंदियोंनी सांगितलं," ती पुटपुटली.

"तुम्ही स्वतः बघितल्या नाहीत कधी त्या भिंती?"

आता खोटं बोलायची सोय राहिली नव्हती. शाळेची सहल गेली होती तेव्हा तिला बस लागली, आणि दिवसभर ती ड्रायव्हरशेजारी लिंबू चोखत बसली होती. बस, तेवढंच. पुढे मावशीनं टेबलावरून उठू दिलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सांगताना तिचे कान तापले होते, पण ह्या वेळी तो हसला नाही.

उलट त्यानं आपलं सांगितलं. कामाचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. मार्गदर्शकाचा बिल्ला मिळाला तर तो इथेच राहणार. नाही मिळाला तर चुलतभावाबरोबर मोंतेर्रेला, इमारतींच्या कामावर, आणि बसचं तिकीट चुलतभावानं काढूनही ठेवलं होतं. परीक्षेत खरीखुरी मंडळी घेऊन फिरवायची असतात, परीक्षक मागून चालतात. दोनदा बसला होता, दोनदा नापास. भिंतीतला दगड न् दगड त्याला पाठ होता. पण चार माणसं समोर उभी राहिली की जीभ टाळूला चिकटायची. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. म्हणून तर तो बोलणारे ऐकत हिंडत होता.

"माझ्याशी तर पोपटासारखे बोलता," रोसेंदा म्हणाली.

"तुमच्याशी..." तो म्हणाला, आणि टेबलावरचं एक पत्रक सरळ करायला लागला.

मोंतेर्रे म्हणजे बसनं दहा-अकरा तास. रोसेंदानं मनातल्या मनात अंतर मोजलं. एवढे दिवस शनिवारची वाट आपण का बघतोय, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं. तिनं सहाही पत्रकं उचलून बाजूला ठेवली. "मला उद्याची सहल हवीय," ती म्हणाली. "मार्गदर्शक मी निवडलाय."

रविवारी मेक्सिकोच्या लोकांना तिकीट नसतं, त्यामुळे निम्मं शहर तिथे लोटलं होतं. पण निकानोर तिला मोठ्या पिरॅमिडांकडे न नेता एका बाजूच्या अंगणात घेऊन गेला. तिथे एक साधी भिंत होती, छातीएवढी. गुडघ्यापर्यंत चुना नुसता, त्यावर खड्यांची वाकडीतिकडी रेघ, आणि रेघेच्या वर सगळीकडे खडे.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला. मग तिचं मनगट धरून त्यानं तिचं बोट रेघेवरून फिरवलं, दगडापासून केसभर अंतर ठेवून. तो सांगत होता ही भिंत कशी सापडली, कुठला दगड त्यांना दोन महिने बसेना, चुना मळताना मुकादम काय शिव्या द्यायचा. वारा सुटला होता, दूर कुणीतरी मातीची शिट्टी वाजवत होतं. तिला भिंत दिसत होती आणि मनगटावरची त्याची खरखरीत बोटंही कळत होती, आणि दोन्ही तितकंच खरं वाटत होतं. तीन वर्षं आपण काय विकत होतो, हे तिला आज कळलं.

"परीक्षेत हेच बोला," ती म्हणाली.

"तिथे तुम्ही नसाल."

"असेन. मंडळी मीच भरणार आहे. फक्त तुम्ही अडलात तर मागून सांगायला मला बंदी."

परीक्षेसाठी माणसं तिनं निवडून आणली. बुटांचे तळ झिजलेली, म्हणजे चालणारी आणि ऐकणारी. व्हेराक्रूझच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, पुएब्लाचं नवं जोडपं होतं, आणखी आठ-नऊ जण. मावशीनंही त्या दिवशी टेबल बंद ठेवलं आणि बसमध्ये येऊन बसली. मागे परीक्षक तिघं, त्यांत सगळ्यात म्हातारे डॉन अबुंदियो, पांढरी हॅट आणि चकचकीत काठी.

निकानोर त्याच भिंतीपुढे उभा राहिला. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. "नमस्कार," म्हणाला. आणि संपलं.

"ही भिंत..." तो म्हणाला. "म्हणजे ही जी... ही भिंत..."

पुएब्लाचा नवरा बायकोच्या कानात काहीतरी बोलला. एकानं पाण्याची बाटली उघडली. डॉन अबुंदियोंनी घड्याळ बघितलं. निकानोरच्या कपाळावर घाम फुटला होता, आणि रोसेंदाच्या डोळ्यांपुढे मोंतेर्रेची बस उभी राहिली. मागून सांगायचं नव्हतं. खरं सांगायला बंदी होती... पण खोटं सांगायला कुणी बंदी केली नव्हती.

ती शिक्षिकाबाईंकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हे खडे बघितलेत का बाई? जुन्या लोकांनी बसवलेत. एक खडा म्हणजे एक तारा."

मागे डॉन अबुंदियोंनी समाधानानं मान हलवली.

"नाही," निकानोर म्हणाला.

सगळे वळले. त्याचं माणसांकडे लक्षच नव्हतं, तो रोसेंदाकडे बघत होता. "ताऱ्यांचा काही संबंध नाही ह्याच्याशी. हा खडा मी बसवलाय. हा पण. आणि हा कोपरा आहे ना, तो बसवताना माझा अंगठा चेचला होता, हा बघा." त्यानं अंगठा वर केला, मंडळी पुढे सरकली, आणि मग त्याला कोण थांबवणार? अडलेला नळ सुटावा तसा तो बोलत होता. पडलेली भिंत कशी वाचायची, नव्यानं जुन्याशी कसं वागायचं, हे सगळं आलं. शिक्षिकाबाई वहीत लिहून घेत होत्या. बाटलीवाला पाणी प्यायचं विसरला. त्यांच्या कामावर आपलं नाव लावायचं नाही, असं तो म्हणाला तेव्हा शिक्षिकाबाईंनी त्या वाक्याखाली रेघ ओढली.

मग काठी टकटकत डॉन अबुंदियो पुढे आले. म्हाताऱ्यांनी चष्मा लावला, वाकून रेघ बघितली, खूप वेळ बघितली.

"चाळीस वर्षं मी तारे सांगतोय," ते म्हणाले. "मला कुणी अडवलं नाही."

"मी इथेच होतो, डॉन अबुंदियो," निकानोर हळूच म्हणाला. "चुन्याच्या परातीवर. तुमची पाठ असायची माझ्याकडे."

म्हातारे ताठ झाले. क्षणभर वाटलं, गेलं सगळं. मग त्यांनी हॅट काढली, भिंतीकडे बघून नाही, निकानोरकडे बघून. "बाई," ते शिक्षिकाबाईंना म्हणाले, "हा सांगतो तेच लिहा. माझं ताऱ्यांचं खोडून टाका." बिल्ला त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या सदऱ्याला लावला. पुएब्लाच्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच, आणि सगळ्यात जोरात वाजवल्या त्या मावशीनं.

शनिवारी चौकात लख्ख ऊन होतं. तो आला तेव्हा रोसेंदानं सवयीनं खाली बघितलं. बुटांवर चुना नव्हता, पॉलिश होतं.

"कोणती सहल देऊ, मिस्त्री?"

"तिकीट परत केलं मोंतेर्रेचं," तो म्हणाला. छातीवर बिल्ला होता, तरी जीभ पुन्हा अडखळत होती. "चार माणसांपुढे बोललो. तुझ्यापुढे एकच गोष्ट... तेवढी..."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिनं घाई केली नाही. त्यानं खिशातून मूठभर काळे-तांबडे खडे काढले, पत्रकं सरकवली आणि टेबलावर आडवी रेघ मांडली, एकेक खडा, शांतपणे, आठ वर्षं सरावलेल्या हातानं.

"रेघेखाली जुनं," तो म्हणाला. "तुझं वेगळं, माझं वेगळं. ते तसंच राहू दे, त्याला हात लावायचा नाही. इथून वर नवं. ते मला तुझ्याबरोबर बांधायचंय, रोसेंदा. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवशी पाऊस थांबला होता, तरी मी पत्रकं वाचत बसलो, तेव्हापासून."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "सहा पत्रकांना एवढा वेळ लागत नाही." तिनं त्याची मूठ उघडून उरलेला एक खडा घेतला आणि रेघेच्या वर ठेवला. "हा माझा. माझंही आहे. काटा काढलास ना, तेव्हापासून."

त्यानं खड्यासकट तिचा हात हातात घेतला. ह्या वेळी मागून खाकरण्याचा आवाज आला तरी कुणी सोडला नाही.

"गिऱ्हाईकं खोळंबलीत," मावशी म्हणाली, "आणि टेबलावर हे दगडधोंडे कुणी मांडले?" ती ते झटकायला पुढे झाली.

"थांब, मावशी," रोसेंदा म्हणाली. "बांधकाम चालू आहे. हात लावायचा नाही."