बॅटरी नसलेली कार्ट्रिज

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही हसले होते.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. अमेरिकेतल्या या डुलुथमध्ये बावीस वर्षं काढली. इथे माणूस मेलाच तर थंडीनं मरतो, भुतानं नाही, असं मीच सगळ्यांना ऐकवायची. पण हे खरं घडलंय. गेल्या जानेवारीत सुरू झालं आणि ज्याच्यासोबत घडलं तो आर्लो निएमी माझ्या कुंपणापलीकडेच राहतो.

आर्लो बंदरावर क्रेन चालवतो. घरात तो आणि त्याची नऊ वर्षांची लेक टिल्डा, दोघंच. आणि त्याचं एक वेड आहे. लहानपणीच्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी तो घरी कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या कॅसेट, बनवतो. खेळही स्वतःच रचतो. त्यासाठी कुणाला नको असलेली जुनी कार्ट्रिज आणायची, उघडायची, आतली चिप गरम करून उपटायची आणि आपली बसवायची. वरून नवं लेबल चिकटवलं की झालं.

काही कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी बॅटरी असते. खेळणाऱ्याचं नाव, तो कुठवर पोचला, हे लक्षात ठेवायला. बॅटरी काढली की सगळं पुसलं.

"पुसताना वाईट नाही वाटत रे?" मी एकदा विचारलं होतं. "कुणाकुणाच्या पोरांची नावं असतात त्यात."

"ती पोरं आता माझ्या वयाची झाली असतील, सुनंदा. टकली झाली असतील."

"तुझ्यासारखी."

"बघ, आता तुला फुकटची कार्ट्रिज नाही!"

असा हसरा माणूस होता हो.

त्या जानेवारीत चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथून त्यानं एक खोकं आणलं. त्यातल्या एका कार्ट्रिजच्या पाठीवर मार्करनं लिहिलं होतं... रूडी.

सवयीप्रमाणे त्यानं ती आधी लावून पाहिली. नावांसाठी तीन जागा होत्या. पहिलीत रूडी, एकेचाळीस तास. बाकी दोन रिकाम्या.

"शाबास रे पठ्ठ्या, बराच खेळलास," असं म्हणून आर्लोनं ती बंद केली, उघडली आणि बॅटरी काढून डब्यात टाकली. चिपही उपटली. पाच मिनिटांचं काम.

चौथ्या दिवशी दार वाजलं.

बाहेर मिसेस लाहती उभ्या होत्या. वर्ना लाहती, वय चौऱ्याहत्तर, चर्चमध्ये कॉफी वाटणाऱ्या. धावत आल्यासारख्या धापा टाकत होत्या.

"पोरा, चर्चच्या बायकांनी माझं चुकीचं खोकं उचललं. त्यात माझ्या रूडीची कार्ट्रिज आहे. तुझ्याकडे आहे ना? आहे म्हण."

रूडी त्यांचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांचा असताना गोठलेल्या सरोवराचा बर्फ फुटून खाली गेला. त्र्याण्णव साली. त्याच्या दर वाढदिवसाला त्या गेम लावायच्या. खेळायच्या नाहीत, नुसतं त्याचं नाव बघत कॉफी प्यायच्या. मग बंद करायच्या.

"फोटोत तो नुसता उभा असतो रे," त्या म्हणाल्या. "त्यात तो अजून खेळतोय."

आर्लोनं खरं सांगायला हवं होतं. पण जीभच उचलली नाही.

"आहे," तो म्हणाला. "जरा साफ करून उद्या देतो."

रात्रीतून त्यानं मूळ खेळ नव्या चिपवर भरला. त्याच जुन्या खोळीत, त्याच मार्करच्या नावामागे बसवला. सकाळी गेम लावून पहिल्या जागेत नाव टाईप केलं... रूडी. तास शून्य. एकेचाळीस तास कुठून आणणार? बॅटरी जुनी झाली होती, तास पुसले गेले, पण नाव वाचलं, असं सांगायचं त्यानं ठरवलं.

गेम बंद केला तोच बेल वाजली. मिसेस लाहती तासभर आधीच आल्या होत्या. त्यानं घाईघाईनं स्क्रू आवळले आणि कार्ट्रिज त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती छातीशी धरली. तासांचं सांगायचं राहूनच गेलं.

त्या गेल्यावर तो टेबल आवरायला बसला.

टेबलावर नवी बॅटरी पडली होती...

बसवायचीच राहिली होती. म्हणजे आत काहीच नव्हतं. नाव टाईप केलं होतं तेही गेम बंद करताच पुसलं गेलं असणार. बाई घरी जाऊन लावतील आणि तिथे नुसती रिकामी जागा दिसेल.

दिवसभर त्याला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅटरी खिशात घालून तो त्यांच्याकडे गेला. सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच गेला.

दारात बाईंनी त्याला मिठीच मारली. "ये, ये! वेलचीचा पाव आत्ताच काढलाय."

"मिसेस लाहती, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"आधी बघ तर खरं!" त्यांनी त्याला हाताला धरून टीव्हीसमोर नेलं.

पडद्यावर नाव होतं. रूडी.

समोर तास... त्रेचाळीस.

आर्लोनं विचारलं, "तुम्ही खेळलात?"

"मी? मला मेलीला ते धरतात कसं तेही ठाऊक नाही."

"मग एकेचाळीसचे त्रेचाळीस कसे झाले?"

बाई नुसत्या हसल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं... त्यांनी धरलेला त्याचा हात गार पडत चालला होता. बाईंचा हात बर्फासारखा होता. आत्ताच भट्टीतून पाव काढलेला हात.

"जरा उघडून बघू का?" त्यानं विचारलं.

"नाही." हसू मावळलं. "एकदा माझ्या हातून सुटलाय तो. आता नाही."

घरी येऊन त्यानं डब्यातली जुनी बॅटरी शोधली, मीटर लावला. शून्य. कडेनं गंजलेली, फुगलेली. ती कित्येक वर्षांपूर्वीच मेली होती.

मग इतकी वर्षं ते नाव कशावर टिकलं होतं?

आर्लो गप्प बसला. त्याची चूक म्हणाल तर ही. मलाही त्यानं बऱ्याच उशिरा सांगितलं.

फेब्रुवारीत बाई घरातही हातमोजे घालू लागल्या. मार्चमध्ये चर्चला यायच्या बंद झाल्या. डॉक्टरांना काही सापडेना. आर्लो दर रविवारी सूप घेऊन जायचा. टीव्ही चालूच असायचा. नव्वद तास. दीडशे. दोनशे दहा.

"त्याला आता पुष्कळ पुढं जायचंय," बाई एकदा म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे दिसत होते. पण चेहऱ्यावर असं सुख होतं की आर्लोला तो प्लग ओढवेना.

एप्रिलमध्ये त्या खुर्चीतच गेल्या. हीटर पुरता चालू, अंगावर तीन गोधड्या. टीव्हीसमोर.

शेजारी ठेवलेल्या एका पाकिटावर आर्लोचं नाव होतं. आत कार्ट्रिज आणि एक ओळ. 'तू परत आणलास, आता तूच सांभाळ.'

घरी येऊन त्यानं ती उघडली. बॅटरीची जागा रिकामीच होती.

मग गेम लावला. पहिली जागा, रूडी. दुसरी जागा...

मॉम.

दोघांचे तास सारखेच वाढत होते.

तिसरी जागा रिकामी होती.

"बाबा," दारातून टिल्डा म्हणाली, "माझी बोटं बघ ना कशी झालीत."

त्यानं ती हातात घेतली. बर्फ!

त्याच क्षणी त्यानं कार्ट्रिजमध्ये नवी बॅटरी बसवली, कशी सोल्डर केली ते त्याचं त्यालाच आठवत नाही. दहा मिनिटांत टिल्डाच्या बोटांवर लाली आली. ती खेळायला पळाली आणि आर्लो जमिनीवर बसून ढसाढसा रडला.

ही बॅटरी पंधरा वर्षं टिकते. दुसऱ्या दिवशी मीटर लावला तर शून्य.

तेव्हापासून रोज एक. सोल्डर करायला नको म्हणून त्यानं आत छोटी पट्टी बसवली. जुनी काढायची, नवी सरकवायची. दुकानदार चेष्टा करतो, "खातोस की काय बॅटऱ्या?"

मला त्यानं हे सांगितलं तेव्हा मी फाडकन म्हणाले, "सरोवरात फेक ती कार्ट्रिज!"

"सरोवरात?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. "त्या पोराला मी एकदा पुसलंय, सुनंदा. न विचारता. पुन्हा नाही पुसणार. आता तर त्याची आईही आत आहे."

मी हसले. माणूस एकटेपणानं भ्रमिष्ट झाला, असं वाटलं.

या सोमवारी तो टिल्डाला घेऊन मिनियापोलिसला गेला, मोठ्या डॉक्टरांकडे. मुलगी कार्ट्रिजपासून लांब असताना बरी राहते का, तेही त्याला बघायचं होतं. म्हणून कार्ट्रिज माझ्याकडे ठेवली. सोबत तीन बॅटऱ्या आणि त्याचा मीटर. "दोनच दिवस. रोज सकाळी बदल. विसरू नकोस, हात जोडतो."

"बरं बाबा, बदलते," मी म्हटलं. वेड्याची समजूत काढावी तसं.

मंगळवारी मुद्दाम नाही बदलली. म्हटलं, बघू तरी.

दुपारी आमचे हे स्वयंपाकघरात आले. "अगं, माझी बोटं अशी का झालीत?"

मी धावत जाऊन बॅटरी बदलली.

बुधवारी हिमवादळ आलं. हमरस्ता बंद, दुकानं बंद. आर्लो तिकडेच अडकलाय. फोनवर म्हणाला, टिल्डा एकदम ठणठणीत आहे. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला पुढचं बोलवेना.

त्याच्या तीन बॅटऱ्या गुरुवारी संपल्या. शुक्रवारी वजनकाट्यातली काढली. काल गाडीच्या किल्लीतली. आज सकाळी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरमधली.

फेकायचं माझ्याही मनात येतं, खोटं कशाला बोलू? काल खिडकी उघडून हात बाहेर काढलाही होता. मग पाठीवरचं ते मार्करचं नाव दिसलं. अकरा वर्षांच्या मुलाचं वेडंवाकडं अक्षर. खिडकी लावून घेतली.

आज रविवार, दुपारचे साडेतीन. बाहेर अजून पडतंय. घरात आता एकच तशी बॅटरी उरलीय, यांच्या साखर तपासायच्या यंत्रातली. उद्यासाठी ती काढायची की नाही, तेच ठरवत बसलेय. म्हटलं, तोवर हे लिहून तरी काढावं.

आत्ताच मीटर लावून पाहिला. सकाळी घातलेली थर्मामीटरची बॅटरी... शून्य.

एवढ्या लवकर कधी संपली नव्हती.

हे हॉलमध्ये हीटरजवळ बसलेत. आत्ताच हाक मारली त्यांनी.

"अगं, माझे हातमोजे कुठे ठेवलेस?"