लिफ्टमधल्या बाईंचा घसा

आवाज ही ईश्वराची देणगी आहे, असं आवाजबाई नेहमी म्हणत. त्यांनी स्वतःचा मात्र नऊ वर्षांपूर्वी एका लिफ्टला देऊन टाकला होता. एका दुपारी रेकॉर्डिंगला बसून आठ मजले बोलून मोकळ्या झाल्या. पोट चालायचं ते जाहिराती नि निवेदनांवर.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचा घसा बसला तो बसलाच. गुळण्या झाल्या, वाफारे झाले.

"वहिनी, दादा म्हणतो बरं व्हायची घाई करू नका," नणंद म्हणाली. "घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच!"

घशाचे डॉक्टर त्याच लिफ्टच्या इमारतीत, आठव्या मजल्यावर बसत. लिफ्टमध्ये मेकॅनिक स्टुलावर उभा होता. लिफ्ट निघाली.

"पहिला मजला."

आवाज घोगरा, मधेच फाटलेला. आजच्या बाईंचा होता तस्साच.

"तिसरा स्पीकर लावला, मॅडम," मेकॅनिक वैतागून म्हणाला. "बाईचा घसा काही सुटत नाही."

"ती बाई मीच," बाई खरखरल्या.

"मग तुम्हीच काहीतरी घ्या ना!"

डॉक्टरांनी घशात कॅमेरा घातला. पडद्यावर दोन स्वरतंतू दिसले आणि त्यांच्या मधोमध आडवे पांढरट पट्टे, बांबूच्या पेरांसारखे.

"हे ओरडून झालेलं नाही. सकाळी बोटं आखडतात?"

आखडत होती. बाईंना ते वय वाटलं होतं.

"कधीकधी शरीराची फौज स्वतःच्याच घरावर चालून जाते. एखाद्याला त्याची चाहूल घशातून लागते. रक्त तपासू."

"आवाज परत येईल ना, डॉक्टर? माझं सगळं त्याच्यावर आहे."

"येईल बहुतेक. तोवर अजिबात बोलायचं नाही."

"हे आमच्या घरी सांगू नका."

रक्ताने डॉक्टरांचा संशय खरा ठरवला. गोळ्या सुरू झाल्या, मौन सुरू झालं, नवरा शीळ घालत हिंडू लागला. तीन महिन्यांत बोटं सैलावली, आवाज उजळला. त्याच आठवड्यात लिफ्टचाही.

"चौथा स्पीकर लागू पडला," मेकॅनिकने श्रेय घेतलं आणि तक्रारवही पुढे केली. 'आवाज घोगरा.' पहिली तक्रार दोन मार्चची होती.

"मार्चमध्ये तर मी ठणठणीत होते."

"मग लिफ्टला आधी लागण झाली म्हणायची!"

दोघंही हसले. बाई जरा कमी.

शेवटची तपासणी छान झाली. बाई गुणगुणतच लिफ्टमध्ये शिरल्या.

"सातवा मजला." खणखणीत.

"सहावा मजला."

पाचवा आला. आवाज आला नाही.

चौथा. तिसरा. दिवे लागले, विझले.

तळाशी दार मुकाट उघडलं.

"तळमजला," बाईंनी स्वतःच म्हणून पाहिलं. सूर स्वच्छ होता. कुठे खरखर नाही, कंप नाही.

त्यांनी पुन्हा आठचं बटण दाबलं.

डॉक्टर जेवायला गेले होते.