चॅपेलमधली हजेरी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळचे तास आटोपल्यावर, ट्वायला व्होथ डीनच्या कचेरीत एक चिठ्ठी द्यायला गेली. काम साधंच होतं. त्यांच्या कॉलेजात आठवड्यातून तीनदा, सकाळी दहा वाजता चॅपेल, म्हणजे सगळ्यांची एकत्र प्रार्थना, असे. प्रत्येकाची जागा ठरलेली. जागा रिकामी दिसली की रांगेच्या टोकाला बसणारा नावापुढे फुली मारी. सहा फुल्या झाल्या की डीनचं बोलावणं. ट्वायला तीन आठवडे तिकडे फिरकली नव्हती. नऊ फुल्या होऊनही बोलावणं आलं नव्हतं; ते यायच्या आत आपणच सांगून मोकळं व्हावं, एवढाच तिचा विचार.

कचेरीत मिसेस पेनर बसायच्या. गावातल्याच, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या, कॉलेजही त्याच पंथाचं. कॅन्ससच्या गव्हाच्या शेतांमधलं साडेचारशे पोरांचं ते कॉलेज, त्यामुळे कोण कुणाची नात आणि कुणाची भाची, हे त्यांना तोंडपाठ.

त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा वर सरकवून हजेरीची वही उघडली. बोट खाली खाली नेत थांबल्या.

"अगं, पण तुझी एकही फुली नाही."

"मी तीन आठवडे आले नाहीये, मिसेस पेनर."

"काहीतरीच काय! मी स्वतः तुझ्या मागच्या रांगेत असते." त्यांनी वही मिटली आणि तिचा हात हातात घेतला. "बाळ, दुःखात असं होतं. माझा भाऊ गेला तेव्हा मी चुलीवर किटली ठेवायची आणि ठेवली हे विसरून जायची. पण तू किती छान गातेस हल्ली! परवा तर मला रडू आवरेना."

ट्वायलानं हात सोडवून घेतला. चिठ्ठी परत खिशात घातली.

गाणं तर तिनं नोव्हेंबरपासून तोंडातून काढलं नव्हतं.

नोव्हेंबरात तिची आई एडना गेली. स्वयंपाकघरात पाव मळत असताना खाली बसली ती उठलीच नाही. ट्वायला घरी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. दफनाच्या दिवशी तिनं शंभर माणसांना कॉफी दिली, लोणची वाढली, बायकांचे डबे धुऊन परत केले. डोळ्यांतून टिपूस नाही. "धीराची आहे हो पोरगी," असं सगळे म्हणाले. पण तो धीर नव्हता. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतो, मग ओठ स्वतःचा वाटत नाही, चावला तरी कळत नाही. तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. त्या सुईचा अंमल अजून उतरला नव्हता.

आणि चॅपेलमध्ये जायचं म्हणजे गायचं. मेनोनाइटांच्या प्रार्थनेत वाद्य नसतं. साडेचारशे गळे चार सुरांत गातात, त्यात प्रत्येकाचा सूर आईकडून किंवा बापाकडून आलेला. ट्वायलाचा खालचा सूर, आईचाच. तो काढायला जावं तर घशात नुसती हवा यायची. म्हणून तिनं जाणं सोडलं होतं. दहा वाजले की ती वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसे.

जेवणाच्या टेबलावर तिनं जनेलला विचारलं. जनेल श्राग तिची खोलीतली सोबतीण, चॅपेलमध्ये तिच्या शेजारी बसणारी. बडबडी, हसरी मुलगी.

"जनेल, काल चॅपेलमध्ये तुझ्या शेजारी कोण होतं?"

"राणी एलिझाबेथ!" जनेल हसली. मग ट्वायलाच्या तोंडाकडे बघून तिनं चमचा खाली ठेवला. "तू होतीस. अगं, असं काय विचारतेस? माझा हात धरून रडलीस... बघ, अजून वळ आहे."

तिच्या मनगटावर चार बोटांचे फिकट निळे डाग होते.

"मला खरंच बरं वाटलं," जनेल हळूच म्हणाली. "तीन महिने तू दगडासारखी झोपायचीस. मी आईला म्हणायची, ही रडत का नाही गं?"

ट्वायलानं आपलं ताट उचललं. सांगायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पावणेदहालाच ती चॅपेलच्या मागच्या जिन्यानं वरच्या सज्जात गेली. तिथं जुने बाक रचून ठेवले होते, धूळ होती, मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. बाहेर वारा सुटला होता; खिडक्यांच्या तावदानांवर बर्फाचा भुगा वाळूसारखा वाजत होता. कठड्यामागं वाकून ती खाली बघू लागली. पोरं येत होती, कोट झटकत होती, जागेवर बसत होती. जनेल आली. तिच्या शेजारची जागा रिकामी.

घंटा झाली. सगळे गायला उभे राहिले. डोक्यांच्या, खांद्यांच्या त्या हालचालीत क्षणभर काही दिसलं नाही. आणि मग दिसलं, की जागा आता रिकामी नाही.

तपकिरी कोट. मानेवर क्लिपनं अडकवलेले केस. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही, म्हणून आधी ओळख पटेना. पण सूर ओळखला. साडेचारशे गळ्यांतून तो खालचा सूर वेगळा वर येत होता, जाड, उबदार, कडांना किंचित फाटलेला. आईचा. नाही... आईचा ट्वायलाकडे आलेला.

गाणं संपलं. सगळे बसले. पाद्री म्हणाले, "आपण प्रार्थना करू या," आणि सगळ्या माना खाली झुकल्या.

एक सोडून.

त्या मुलीनं हळूहळू मान वळवली आणि वर सज्जाकडे पाहिलं. चेहरा ओला होता, नाक लाल झालं होतं, ओठ थरथरत होते. जी रडली नव्हती ती ट्वायला रडली असती तर अगदी अशीच दिसली असती. तिच्या नजरेत राग नव्हता, धमकी नव्हती. मयताच्या घरी आलेली शेजारीण शवपेटीकडे बघते ना, तशी ती बघत होती.

ट्वायलाला ओरडता आलं असतं. धावत खाली जाऊन तिचा खांदा धरता आला असता. ती जागची हलली नाही. तिनं मनात भीती शोधली, सापडली नाही. सापडली ती सुटल्याची भावना. चला... कुणीतरी करतंय. मला करावं लागत नाही.

माणसं बाहेर गेल्यावर ती खाली उतरली आणि त्या बाकाला हात लावला. लाकूड गरम होतं.

रविवारी वसतिगृहाच्या जिन्याजवळचा फोन वाजला. तिचे वडील होते. अर्विन व्होथ गावच्या धान्याच्या कोठारावर वजनकाट्याचं काम करायचे. जेवढे शब्द लागतील तेवढेच बोलणारा माणूस. आज मात्र आवाज मऊ होता.

"तुझे आभार मानायला फोन केला, पोरी."

"कशाबद्दल, डॅड?"

"काल एवढा वेळ बोललीस म्हणून. मला वाटायचं, घरात मी एकटाच..." ते थांबले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "दोघं मिळून रडलो, ते बरं झालं. मला झोप लागली काल. पहिल्यांदा."

आदल्या दिवशी ट्वायलानं कुणाला फोन केला नव्हता.

तोंडाशी आलं होतं, की डॅड, ती मी नव्हते. पण त्या मऊ आवाजाचं काय झालं असतं? तीन महिन्यांत तिला स्वतःला डॅडना असा दिलासा देता आला नव्हता. "हो, डॅड," ती म्हणाली. "मलाही बरं वाटलं."

खोटं ते एवढंच. पण त्यानंतर तिनं तिकडचं सगळं त्या दुसरीवरच सोडून दिलं. आणखी दोन आठवडे ट्वायला प्रयोगशाळेत पानांच्या शिरा रेखाटत बसली. कुठून तरी येणाऱ्या गाण्याचा आवाज भिंतीतून झिरपे, आणि ती पेन्सिलीला टोक करे. संगीताच्या प्रोफेसर वीडल यांनी जिन्यात तिला गाठून सांगितलं, की ईस्टरला एकल गायन तूच करायचंस, आता दुसऱ्या कुणाचं नाव डोळ्यांपुढं येत नाही. ती बरं म्हणाली.

मग बारीकसारीक गोष्टी होऊ लागल्या. खानावळीत वाढणारी बाई तिच्या ताटावरून हात पुढच्या मुलीकडे नेऊ लागली, मोठ्यानं हाक मारली की दचकून म्हणायची, "अगं बाई, तू दिसलीच नाहीस!" वर्गात हात वर केला तरी सर दुसरीकडे बघत. एकदा ट्वायला खोलीत असताना जनेलनं दिवा मालवला आणि बाहेरून कुलूप लावून गेली. परत आल्यावर म्हणाली, "तू इथं? पण तू तर माझ्याबरोबर..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून उशीत तोंड घालून झोपली. त्या रात्रीपासून तिनं ट्वायलाकडे पाठ करून झोपायला सुरुवात केली.

तेव्हा ट्वायलाला पहिल्यांदा वाटलं, की घरी जावं. डॅडना खरं सांगावं. रडू आलं नाही तरी चालेल, निदान सांगावं.

शनिवारी दुपारी जनेलच्या गाडीतून ती निघाली. चाळीस मैल, दोन्ही बाजूंना बर्फाखाली निजलेला गहू. जनेलनं वाटभर रस्त्यावरची नजर काढली नाही. फाटकाशी तिला सोडलं आणि गाडी वळवून निघून गेली.

स्वयंपाकघरात तव्यावर सॉसेज परतल्याचा वास होता. डॅड टेबलाशी बसले होते. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. तिला बघून ते हसले.

"काय गं, काय विसरलीस?"

"म्हणजे?"

"आत्ताच तर गेलीस ना. अर्धा तासही नाही झाला." त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "दमली असशील. सकाळपासून एकटीनं केलंस सगळं. मला त्या खोलीचं दारसुद्धा उघडवत नव्हतं."

ट्वायला बसली नाही. सांगायचं होतं ते जिभेवरच राहिलं. ती जिना चढून वर गेली.

आईबापाच्या खोलीतलं आईचं कपाट उघडं होतं, रिकामं. जमिनीवर चर्चच्या दानाच्या दुकानाला द्यायची तीन खोकी ओळीनं ठेवलेली, दोरीनं बांधलेली. प्रत्येकावर काळ्या शाईनं लिहिलं होतं, एडना व्होथ. अक्षर ट्वायलाचं. शेजारी चौथं खोकं होतं. त्याला दोरी नव्हती.

त्यावरचं अक्षरही तिचंच होतं. ट्वायला व्होथ.

तिनं झाकण उचललं. आत तिचे शाळेतले फ्रॉक, उन्हाळ्यातले सदरे, बाप्तिस्म्याच्या दिवशीचा पांढरा झगा. सगळं नीट घडी घातलेलं, बाह्या छातीवर दुमडून, जशा निजवलेल्या माणसाच्या दुमडतात. तिनं हात आत घातला. कापड लागलं का, गार की गरम, ते तिला कळेना.

डॅड तिच्यामागून वर आले होते. दारातून त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि मान हलवली, पटलेल्या माणसासारखी.

"मलाही आधी नवल वाटलं. विचारलं, हे कपडे का देतेस? तर म्हणालीस, 'असू दे, डॅड, तिला आता लागायचे नाहीत.'"

"तिला?... म्हणजे कुणाला?"

पण डॅड तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर, रस्त्याकडे बघत होते, जणू खोलीत ते एकटेच होते.

"खोकं अजून अर्धं रिकामं आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "उरलेलं न्यायला उद्या सकाळी येते म्हणालीय."