कच्चं का पक्कं?

माणसाचं नशीब तळहाताच्या रेषांत नसतं, ते तळपायाखालच्या जमिनीत असतं. पाय कुठे टेकायचा हे ज्याला कळलं, त्याला आयुष्य कळलं.

धनराज आहेर याला हे मनापासून पटलेलं होतं. आणि दोन हजार चार सालच्या डिसेंबरात एका सकाळी, नाशिकच्या गंगापूर रोडमागच्या कॅनॉलच्या काठाने धावताना, त्याने आपला उजवा पाय पूर्ण विचार करून म्हशीच्या ताज्या शेणात टेकला.

विचार करून, कारण समोरून एक मुलगी धावत येत होती. वाट अरुंद. एका बाजूला कॅनॉल, दुसऱ्या बाजूला पेरूच्या बागेचं काटेरी कुंपण. तिला वाट द्यायची तर उभं राहायला एकच जागा उरली होती, आणि तिथे आधी म्हैस येऊन गेली होती.

"सॉरी ताई," तो म्हणाला.

या एका शब्दाने महाराष्ट्रात किती संसार सुरू होण्याआधीच मोडले असतील, कोण जाणे! शब्द तोंडातून गेला आणि धनराजला तो शेणापेक्षा जास्त झोंबला.

मुलगी थांबली. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. हसू ओठांत दाबलं, ते नाकातून निसटलं.

"बागेपलीकडे एवढा नवा डांबरी रस्ता आहे की. तिथे का नाही धावत?"

"डांबरावर मी धावत नाही."

"का? चावतं?"

"गुडघ्याला लागतं. मातीचं कसं… पाय पडला की ती थोडी खाली बसते. आपलं ऐकून घेते. डांबर कुणाचं ऐकत नाही."

"बराच अभ्यास दिसतोय. काम काय करता?"

धनराज जरा घुटमळला. "डांबरी रस्ते बांधतो."

आता मात्र ती पोट धरून हसली. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि वेणीच्या टोकाला दव अडकलं होतं — अगदी एकच थेंब. धनराजने तो पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

"रस्ते बांधता आणि रस्त्यावर धावत नाही?"

"आत काय घातलंय ते मला माहीत आहे ना."

तिचं नाव संध्या. मूळची सिन्नरची. इथे लताबाई मावशीकडे राहून द्वारका चौकाजवळच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची आणि पोलीस भरतीची तयारी करायची. दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं आणि सकाळी स्वतःचं पळवायचं, असा तिचा दिनक्रम. धनराज सटाण्याकडचा, एका ठेकेदाराकडे इंजिनिअर. तिशी जवळ आलेली. आडनाव आहेर, पण घरी लग्नाचा पत्ता नाही, म्हणून नातेवाईक त्याची यथेच्छ थट्टा करत.

"नाव संध्या, आणि भेटता सकाळी," तिसऱ्या दिवशी तो म्हणाला. हे वाक्य त्याने दोन दिवस घोटलं होतं.

"संध्याकाळी ताई म्हणणारे पुष्कळ भेटतात," ती म्हणाली. तो वाकून आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

तरी बरोबर धावणं सुरू झालं. रविवारी ते गोल्फ क्लबच्या मैदानावर जात, जिथे गोल्फ सोडून बाकी सगळं चालतं. तिथे कडेच्या गवतावरून धावता धावता धनराज तिला जमिनीची ओळख करून द्यायचा. गवत दिसायला प्रेमळ, पण खाली खड्डे लपवून ठेवतं. सिमेंट म्हणजे कचेरीतला मोठा साहेब, कितीही आपटा, हलणार नाही.

"आणि वाळू?"

"वाळू वाईट. पाय धरून ठेवते, सोडत नाही."

"मग वाईट काय त्यात?" संध्या म्हणाली आणि पुढे निघून गेली. धनराजचा पाय नेमका गवताखालच्या खड्ड्यात गेला.

रोज सकाळी बागेच्या कोपऱ्यावर ती विचारायची, "काय साहेब, आज कच्चं का पक्कं?"

"कच्चं."

ठरलेला प्रश्न, ठरलेलं उत्तर. कच्चं म्हणजे कॅनॉलची मातीची वाट, पक्कं म्हणजे पलीकडचा रस्ता. खरं सांगायचं तर कच्च्यावर दोघांना शेजारी शेजारी धावता येत नव्हतं. ती पुढे, तो मागे. तिची वेणी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे… धनराजच्या गुडघ्यांना मातीच आवडते, यात या वेणीचा किती हात होता हे त्याने गुडघ्यांना कधी विचारलं नाही.

मध्ये एकदा अवकाळी पाऊस पडून गेला. दुसऱ्या दिवशी काळी माती बुटांना अशी चिकटली, की प्रत्येक पावलाला बूट मोठे होत गेले. शेवटी दोघं कुंपणावरून वाकलेल्या पेरूच्या झाडाखाली उभी राहून काडीने चिखल काढू लागली. फांदी हलली की थेंब पडायचे.

"आज कच्चं जरा जास्तच कच्चं आहे," ती म्हणाली.

"म्हणून काय सोडायचं?"

"मी कुठे सोड म्हणतेय…"

"सोडा"मधला शेवटचा काना कुठे गेला? धनराज त्या दिवशी साइटवर रोलरच्या मागे चालत तो काना शोधत होता.

मग एका शनिवारी ती म्हणाली, "उद्या मी येणार नाही. सिन्नरहून पाहुणे येणार आहेत. बघायला."

"काय बघायला?"

"मला."

ती थांबली. त्याच्याकडे पाहत राहिली. कॅनॉलचं पाणीसुद्धा जरा हळू वाहिलं असेल. धनराजने बुटाच्या टोकाने माती दाबून पाहिली आणि म्हणाला, "माती आज चांगली बसलीय."

त्या रविवारी दोन गोष्टी घडल्या. एक, सिन्नरचे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. दोन, संध्याकाळी भरतीची बातमी कळली. मैदान दुरुस्तीला काढलंय, तेव्हा मुलींची धाव यंदा डांबरी रस्त्यावर होणार. धनराजला यातली पहिलीच गोष्ट माहीत होती.

सोमवारी संध्या धापा टाकतच आली. वाटेवर पुढे धावता धावता, मागे न पाहता म्हणाली, "कळलं का? माझं पक्कं झालं! तारीखसुद्धा आलीय, जानेवारीतली."

मागे पावलं चुकली. थोड्या वेळाने आवाज आला, "…अभिनंदन."

"अभिनंदन कसलं डोंबलाचं! मला सवय आहे का त्याची?"

"होते सवय. सगळ्यांनाच होते."

"तुम्ही याल ना पण? बरोबर कुणी आपलं असलं की धीर येतो."

धनराजला वाटलं, मुलगी निष्ठुर असावी तर इतकी! "मी येऊन काय करू तिथे?"

"काय म्हणजे? माझ्यासाठी म्हणून या. एकदा."

"नाही जमणार, संध्या. दुसरं काहीही सांग. हे नाही."

पहिल्यांदाच त्याने तिला नुसतं "संध्या" म्हटलं होतं, तेही नाही म्हणताना. ती वळली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा भरतीला उभ्या राहणाऱ्या मुलीचा होता.

"कळलं," ती म्हणाली. "तुमचे गुडघे सांभाळा."

मंगळवारपासून ती पलीकडच्या रस्त्यावर धावू लागली आणि तो अलीकडच्या मातीवर. मध्ये पेरूची बाग, धुकं आणि पोपट.

डांबराबद्दल धनराजचं मत वाईट होतं, पण एक गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळली. डांबर बोलतं. मातीवर पाऊल पडतं आणि विरून जातं. डांबरावर ते वाजतं. टप… टप… टप… बागेतून तो आवाज आला आणि धनराज जागच्या जागी थांबला. डावं पाऊल किंचित जड. तीच!

तो आवाजाबरोबर धावू लागला. ती हळू झाली की हा हळू. ती थांबली की हाही थांबायचा, पेरूच्या पानांआडून दिसेल का म्हणून मान वाकडी करायचा. पानंच दिसायची. तिला मात्र याचा आवाज जात नव्हता, कारण मातीने तो आपल्यात ठेवून घेतला होता. इतकी वर्षं त्याने जिची बाजू घेतली, तिने असा सूड उगवला.

पलीकडे संध्याने चार-दोनदा बागेकडे पाहिलं. पोपट होते. मातीसाठी माणूस माणसाला सोडतो, हे तिला पटत नव्हतं. पण पुरावा रोज रिकाम्या रस्त्यासारखा समोर पडलेला असायचा. लताबाई विचारायच्या, "डोळे का गं लाल?" ती म्हणायची, "थंडी आहे, मावशी."

धनराजने कल्पनेत तिचं लग्न सगळ्या तपशिलांसह पाहून टाकलं. मांडव, वाजंत्री, सिन्नरचा एक गुळगुळीत नवरदेव. आपण गेलोच तर आपल्याला वेगळा आहेर न्यायला नको, एवढीच काय ती बचत.

आणि जानेवारीतल्या एका सकाळी, ऐन धावण्यात, आवाज तुटला.

टप… टप… मग एक "आई गं!" आणि मग काहीच नाही.

धनराज थांबला. वाट पाहिली. पोपट उडाले. मग त्या सज्जन माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कुंपणात डोकं घातलं. काट्याने बाही फाडली, फांदीने कानशिलात दिली, आणि तो बागेतून धडपडत थेट डांबरी रस्त्यावर येऊन उभा राहिला.

रस्त्याच्या कडेला संध्या एका पायावर उभी होती.

"तुम्ही?" ती म्हणाली. "कुठून उगवलात?"

"पाय मुरगळला का? दाखव. लग्न तोंडावर आलंय आणि…"

"कुणाचं लग्न?"

"तुझं."

"माझं? आणि मला सांगितलं नाही कुणी?"

"तूच सांगितलंस! माझं पक्कं झालं म्हणालीस. तारीख आली म्हणालीस…"

संध्या बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत गेलं.

"अहो… पक्कं म्हणजे हे!" तिने खालच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. "भरतीची धाव यंदा पक्क्यावर आहे. आपण रोज काय म्हणायचो? कच्चं का पक्कं?"

धनराजच्या तोंडातून नुसती वाफ निघाली.

"मग… सिन्नरचे पाहुणे?"

"त्यांना पळणारी सून नको होती. मला बसून राहणारा नवरा नको होता. पोह्यांवर मिटलं." मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तुम्ही लग्नाला यायला नाही म्हणत होतात?"

"मग काय, अक्षता टाकू?"

"आणि मी समजले, माझ्यापेक्षा तुम्हाला तुमची माती…" तिने त्याच्या फाटलेल्या बाहीकडे पाहिलं. "इतके दिवस होतात कुठे?"

"इथेच. बागेपलीकडे. रोज तुझ्याबरोबर. तुझं डावं पाऊल जड पडतं… मी त्या ठेक्यावर धावत होतो."

थंडीने लाल झालेलं नाक तिने मनगटाने पुसलं.

"मी पास झाले तर ट्रेनिंगला जाईन," ती म्हणाली. "वर्षभर तरी. मग बदल्या. कुठलं गाव, कसला रस्ता, कुणास ठाऊक."

"असू दे." धनराजने सगळा धीर गोळा केला. आयुष्यभर जे मातीला सांगितलं नाही ते त्याने उघड्या डांबरावर उभं राहून सांगितलं. "संध्या, तू जाशील तिथे मी धावीन. सिमेंटवर म्हणालीस तर सिमेंटवर. वर्षभर तुझा आवाज आला नाही तरी तो मला ऐकू येईल. मी थांबेन. आता तू सांग — कच्चं का पक्कं?"

धुकं विरत होतं. संध्याच्या डोळ्यांतून एक थेंब निघून गालावर थांबला. त्याने तो पाहिला, आणि या वेळी पाहिल्याचं लपवलं नाही.

"पक्कं," ती म्हणाली. मग खाली पाहिलं. "हा रस्ता कुणी बांधलाय?"

धनराजचा आवाज एकदम लहान झाला. "…आम्हीच."

"वाटलंच," संध्या म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "जरा धर मला. तुझी खडी निघून बुटात गेलीय, तेवढी काढते."