डक्टमधला जेन्सन

"टॉर्च जरा बाजूला धरा ना, मॅडम... डोळ्यांवर येतोय."

मी दचकलेच! विरार पूर्वेची ती जुनी चार मजली कमर्शियल बिल्डिंग, भर दुपार, दुरुस्तीचे कामगार जेवायला गेलेले. चौथ्या मजल्यावर मी एकटी, आणि समोर विजेच्या डक्टचं उघडं दार. तळमजल्याच्या मीटर रूममधून प्रत्येक मजल्याला वीज नेणाऱ्या जाडजूड फीडर केबल या उभ्या डक्टमधून चढतात. विद्युत निरीक्षक म्हणून त्या तपासायलाच मी आले होते. वाकून खाली बघितलं. अंधार, गरम हवा... आणि कुणीतरी हसलं.

"कोण आहे?"

"जेन्सन. इथल्याच नंदाखाल गावचा वायरमन. तिसऱ्या मजल्यावर आहे."

मी तरातरा तिसऱ्यावर गेले. चिटपाखरू नव्हतं. आवाज आता वरून आला, "अहो, खाली कशाला गेलात?"

अंगावर सर्रकन काटा आला. पण मी फुलपाड्याची उन्नती. कितीही घाबरले तरी माझं तोंड बंद होत नाही. "वायरमन ना तू? मग या डक्टमधून पाण्याचा पाइप कुणी नेला?"

"मी नाही हां! वीज आणि पाणी एका घरात नांदत नाहीत, एवढं कळतं मला." जरा थांबून म्हणाला, "बाकी कुणाचं कुणाशी जमेल... सांगता येत नाही."

घ्या! भूतसुद्धा लाइन मारतं. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी धुराचा वास आला... जुना, भिंतीत मुरलेला.

तपासणी आठवडाभर चालली. जेवणाची सुट्टी मी डक्टपाशीच काढू लागले. "आज डब्यात काय?" तो विचारायचा. "वास घे आणि ओळख," मी म्हणायचे. मग तो विषय बदलायचा. त्याला वास येतच नव्हता. कधी बोलता बोलता मानेवर गरम झुळूक यायची, आणि मी मागे वळून बघायचे नाही. खरं सांगते, भीती वाटायची. तरी सकाळपासून दुपारची वाट बघायचे. एवढं मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी बिल्डरचे मॅनेजर परेश आले. चौथ्या मजल्यावर सोमवारपासून मुलांचा क्लास सुरू होणार होता. "मॅडम, पाइप काढला, सगळं तुम्ही बोललात तसं केलं. आता स्लॅबमधली भोकं राहू द्या ना. डक्टचं दार लावल्यावर कोण बघतंय?"

नियम मला पाठ होता. फीडर जिथे स्लॅबमधून वर जाते, तिथली फट प्रत्येक मजल्यावर आग अडवणारा माल भरून बंद करायची. पण फट बंद म्हणजे... जेन्सनही बंद. नोकरीत पहिल्यांदाच वाटलं, भोकं तशीच ठेवून करून टाकावी मंजुरीच्या कागदावर सही.

परेश खाली गेल्यावर मी डक्टमध्ये डोकावले. "जेन्सन, उघडं ठेवते मी. कुणाला कळणार नाही."

 अगदी कानाशी आवाज आला, "खाली मीटर रूम पेटली होती, उन्नती. मी वर डक्टमध्येच, दार लावून काम करत होतो. जिन्यात धूर नव्हताच गं... तो या भोकांतून वर आला. बुजव."

"आणि तू?"

"माझ्यासाठी पोरं गुदमरायची का?"

"तू मला आवडतोस रे!" मी रडत रडत ओरडले.

"मलापण तू... खूप. म्हणून तर तुला सांगतोय."

कामगारांनी खालून सुरुवात केली. एकेक मजला बुजला, तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. चौथ्यावरचं भोक मी माझ्या हातांनी भरायला घेतलं. तळहाताएवढी फट उरली, तेव्हा तो पुटपुटला, "हात ठेव."

मी हात ठेवला. पलीकडून ऊब आली, माणसाच्या हाताची असते तशी. मला हात काढवेना... शेवटी त्यानेच आपला काढून घेतला.

मी फट भरली. कान लावला. काही नाही.

थोडा वेळ तिथेच बसून रडले. मग तोंड धुतलं, खाली गेले आणि सही केली.