मगदुमांचं शून्य

रोज सकाळी पावणेनऊला भूपाल मगदूम तपासणी केंद्राचं कुलूप काढत, टेबलावर बसलेली पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसत, तीन वेळा चूळ भरत आणि यंत्राच्या नळीत एक लांब फुंकर मारत. यंत्र अकरा सेकंद विचार करी. मग पडद्यावर हिरवं शून्य उमटे आणि निरोगी कुणाला म्हणायचं, हे गारमाळपुरतं त्या दिवसासाठी ठरून जाई.

गारमाळ घाटमाथ्यावर आहे. तिथल्या चार गिरण्यांमध्ये गारगोटीचं पीठ दळलं जातं. पीठ सौर तावदानांच्या काचेसाठी जातं. देशाला स्वच्छ ऊर्जा मिळावी म्हणून गारमाळची सहाशे माणसं रोज संध्याकाळी पांढरी होऊन घरी जातात.

ही पूड फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, हे शंभर वर्षांपासून माहीत होतं. त्यावर काहीतरी केलं पाहिजे, हेही तितकीच वर्षं माहीत होतं. शेवटी केलं ते डॉ. चारुशीला वाटवे यांनी. त्या कोल्हापूरच्या विद्यापीठात नॅनोपदार्थांच्या रसायनशास्त्रावर काम करत. नखाएवढ्या पट्टीवर त्यांनी झिंक ऑक्साइडच्या कोट्यवधी सुया उगवल्या होत्या, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या बारीक, गव्हाच्या उभ्या शेतासारख्या दाट. फुप्फुसात व्रण किंवा सूज असली की श्वासात काही वायू किंचित वाढतात. ते या सुयांना चिकटले की पट्टीतला विद्युतप्रवाह बदलतो. नळीत फुंकायचं, आकडा येतो. आकडा लहान असला तर हिरवं कार्ड, मोठा असला तर लाल. लाल कार्डवाल्याला धुळीपासून दूर ठेवून पर्यायी काम द्यावं, असा नियम होता. पर्यायी काम म्हणजे घरचं काम, असा अर्थ गिरण्यांच्या मॅनेजरांनी एकमताने लावला होता.

अडचण एकच होती. सुया फार हुशार होत्या. त्यांना रोग कळे, तसा कांदाही कळे, विडीही कळे, रस्त्यावरून गेलेला ट्रकही कळे. म्हणून रोज सकाळी त्याच गावच्या हवेतल्या एका निरोगी माणसाने आधी फुंकायचं आणि यंत्राने त्याचा श्वास बाकीच्या सगळ्यांच्या श्वासातून वजा करायचा, अशी सोय केली होती. त्या माणसाला पुस्तिकेत 'शून्य व्यक्ती' म्हटलं होतं. ती स्थानिक असावी, निरोगी असावी, निर्व्यसनी असावी आणि कांदा-लसूण खाणारी नसावी.

एवढ्या अटींत नवरदेव मिळाला असता, पण शून्य मिळेना. सरपंच निरोगी होते, निर्व्यसनी नव्हते. मुख्याध्यापक निर्व्यसनी होते, पण लसणीच्या चटणीशिवाय त्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नसे. शेवटी डॉ. वाटव्यांचं लक्ष समोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाकडे गेलं. भूपाल मगदूम जैन होते. कांदा नाही, लसूण नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. जेवण दिवस बुडायच्या आत, आणि त्यानंतर पाण्याचा घोटही नाही. क्ष-किरण चित्र काढलं तर छाती धुतलेल्या काचेसारखी. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की सरकारने आपल्याला शून्य नेमलं. त्रिशलाबाई म्हणाल्या, ते मला लग्नापासून माहीत आहे.

क्ष-किरण यंत्र मग गोदामात गेलं. नवीन आल्यावर जुनं कशाला.

पहिल्या वर्षी गारमाळमध्ये एकशे चाळीस लाल कार्डं निघाली. दुसऱ्या वर्षी नव्वद, तिसऱ्या वर्षी चव्वेचाळीस, पाचव्या वर्षी सहा. घाटातली एसटी उतरावी तसा आलेख उतरत होता. गारमाळ पद्धत म्हणून या तपासणीचं नाव झालं आणि आणखी सतरा गावांत अशीच केंद्रं उघडली. माणसं इतकी सुधारल्यावर धूळ दाबायला पाणी मारण्याची गरज उरली नाही, असं गिरणीमालकांच्या लक्षात आलं. त्यांनी फवारे काढून टाकले. आलेख तरीही उतरतच राहिला. सहाव्या वर्षी काही कामगारांचा आकडा शून्याच्या खाली, उण्यात गेला. म्हणजे ते निरोगी माणसापेक्षाही निरोगी होते. वार्षिक अहवालात यासाठी 'अतिस्वास्थ्य' असा शब्द घडवण्यात आला.

माणसं मरत होती, नाही असं नाही. पण ती हिरवं कार्ड घेऊन मरत होती, त्यामुळे कारण दुसरं शोधावं लागे. हृदय हे कारण बहुतेकांना चालून जाई.

चाळणीवर काम करणारी हौसाबाई कोगनुळे तपासणीच्या रांगेत खोकत उभी राही, खोकत फुंके आणि हिरवं कार्ड घेऊन खोकत परत जाई. एकदा ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि दम खात म्हणाली, "काय वो मगदूम सायेब, तुमच्या मशीनला कान न्हाईत काय?"

भूपालरावांना हसू आलं. हसता हसता त्यांनाही ढास लागली. दोघं मिनिटभर आळीपाळीने खोकली आणि मग त्यांनी तिला कार्ड दिलं.

भूपालरावांची पाठ त्याच हिवाळ्यात दुखू लागली. आधी त्यांनी स्टुलाला दोष दिला, मग स्टूल बदललं, मग गादी. संध्याकाळी अंगात कसकस येई. वजन उतरलं, तेव्हा त्रिशलाबाईंनी सदऱ्यांना टिपा घातल्या. दवाखान्यात जा म्हटलं की ते म्हणत, अगं, मी शून्य आहे. आणि ते खोटं नव्हतं. शून्य व्यक्तीची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, असा नियम होता. तो काटेकोर पाळला जाई. बारा तपासण्यांचे बारा कागद फाइलमध्ये होते. बाराही वेळा आकडा शून्य, शेरा 'उत्तम'.

गारमाळ पद्धतीला मोठा पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच्या तयारीसाठी डॉ. वाटवे एका सकाळी गावात आल्या, तेव्हा केंद्राला कुलूप होतं. रांग उभी होती. मगदूम सायबांना उठवत नाही, पाठ धरलीय, असं रांगेने सांगितलं. शून्याशिवाय यंत्र चालू होत नाही. त्या दिवशी संकष्टी होती. डॉ. वाटवे उपाशी होत्या, कांद्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी किल्ली मागवली, चूळ भरली आणि स्वतःच फुंकर मारली. यंत्राने अकरा सेकंद घेतले आणि शून्य मान्य केलं.

पहिली हौसाबाई. लाल.

दुसरा लाल. तिसरा लाल. चौथ्याचा आकडा इतका मोठा आला की तो पडद्याच्या चौकटीत मावेना. डॉ. वाटव्यांनी पट्टी बदलली. नवीन पट्टीवर पुन्हा फुंकलं, पुन्हा रांग घेतली. चौदापैकी बारा लाल. आपण कोल्हापूरची हवा पोटात घेऊन आलोय, फरक त्यामुळे पडला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण एवढा फरक हवेने पडत नाही, हे त्यांनी स्वतःच एका शोधनिबंधात लिहिलेलं होतं.

त्यांनी कपाटातून शून्य व्यक्तीची फाइल काढली. बारा कागद. तपासणीचं यंत्र या रकान्यात बाराही वेळा एकच क्रमांक होता, समोरच्या टेबलावरच्या यंत्राचा. सकाळी भूपालरावांचा श्वास शून्य म्हणून घ्यायचा आणि दुपारी त्याच श्वासातून तोच श्वास वजा करायचा. उत्तर दुसरं येणार कुठून. हे एखाद्या पाचवीतल्या मुलाने सांगितलं असतं. त्या फाइलवर तीन प्राध्यापकांच्या सह्या होत्या. वरची त्यांची होती.

त्या यंत्र घेऊन मगदुमांच्या घरी गेल्या. भूपालराव कुशीवर पडून होते. उठता येत नसल्याची त्यांनी माफी मागितली आणि सवयीने आधी चूळ भरायला पाणी मागितलं. मग फुंकर मारली. आकडा आला तो गावातल्या कुणाहीपेक्षा मोठा होता.

यंत्र बिघडलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "किती दिवसांपासून?"

"पहिल्या वर्षापासून थोडं थोडं," डॉ. वाटवे म्हणाल्या. "तुम्ही गिरणीच्या फाटकाशी बसता. धूळ तुम्हीही खात होता. तुमचं जेवढं वाढलं, तेवढं यंत्राने सगळ्यांचं वजा केलं."

"म्हणजे ते उण्यात गेलेले लोक..."

"तुमच्यापेक्षा कमी आजारी होते. एवढाच त्याचा अर्थ."

जिल्ह्याच्या रुग्णालयात छातीचे डॉक्टर नेर्लेकर होते. त्यांनी भूपालरावांच्या शिरेतून सोन्याचे सूक्ष्म कण सोडले. क्षयाचे जंतू ओळखून त्यांना चिकटतील अशी त्या कणांची रासायनिक बांधणी होती. जंतू जिथे, सोनं तिथे, आणि स्कॅनमध्ये सोनं उजळतं. भूपालराव त्रिशलाबाईंना म्हणाले की एवढं सोनं आपल्या लग्नातसुद्धा माझ्या अंगावर पडलं नव्हतं. पडद्यावर दोन्ही फुप्फुसांचे वरचे भाग उजळले. मग पाठीच्या कण्याच्या मधोमध दोन मणके दिव्यासारखे पेटले. धूळ बसलेल्या छातीत क्षय लवकर घर करतो, नेर्लेकरांनी सांगितलं, आणि तिथून रक्तावाटे मणक्यात उतरतो. त्या दोन मणक्यांची निम्मी हाडं खाऊन झाली होती. दीड वर्ष गोळ्या, पाठीला पट्टा, आणि गोळ्या चुकल्या तर पाय जाणार. चार महिने आधी आला असता तर, असं म्हणून ते थांबले. अशी वाक्यं ते सहसा पुरी करत नसत.

डॉ. वाटव्यांनी अहवाल लिहिला. आपल्या सहीसकट सगळी चूक लिहिली. सतरा गावांना फोन केले. पलूर नावाच्या गावातल्या केंद्रावरच्या बाईंना त्यांनी विचारलं की तुमच्या शून्य व्यक्तीला काही त्रास आहे का. नाही, बाई म्हणाल्या, थोडा खोकला आहे, पण तो इथे सगळ्यांनाच आहे.

गारमाळमध्ये त्या आठवड्यात सगळ्यांची पुन्हा तपासणी झाली. चारशे बारा लाल. गिरण्यांनी नियमाचं तंतोतंत पालन करून चारशे बारा माणसांना त्याच संध्याकाळी पर्यायी कामावर, म्हणजे घरी, पाठवलं. फवारे पुन्हा बसवा, असं कुणी म्हणालं नाही. चारशे बारा नवीन माणसं दुसऱ्या तालुक्यातून आणण्याची चौकशी मात्र सुरू झाली.

आठ दिवसांनी जिल्हा कार्यालयातून पत्र आलं. अहवालाची नोंद घेतली होती. शून्य बदलण्याचा अधिकार समितीला असून समितीची बैठक यथावकाश होईल, तोवर मान्यताप्राप्त शून्य व्यक्ती श्री. भूपाल मगदूम हेच राहतील आणि त्यांच्या शून्यावर न घेतलेल्या तपासण्या ग्राह्य धरू नयेत, असं त्यात लिहिलं होतं. पुरस्कार सोहळा ठरल्याप्रमाणेच होणार होता.

पत्र कामगारांनीही वाचलं, आणि बरोबर वाचलं.

कामगारांनी केंद्रातलं यंत्र उचलून मगदुमांकडे नेलं. डॉ. वाटवे ते परत न्यायला आल्या, तेव्हा अंगणात तीस-चाळीस माणसं उकिडवी बसली होती. भूपालराव पट्टा बांधून ओसरीवर टेकले होते. यंत्र त्यांच्या पुढ्यात होतं. हौसाबाई पायरीवर बसून बोलत होती. बोलण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं.

"तुमी फुंकलासा की आमी हिरवं," ती म्हणाली. "कागदात तसंच हाय. वाचून घेतलंय आमी."

"हौसाबाई, तुम्ही लाल आहात," भूपालराव म्हणाले.

"ते मला दोन वर्सं ठावं हाय. मशीनला आता कळलं." तिने दम घेतला. "लेक आलीया बाळंतपणाला. जावई बी लाल निघालाय, आठ दिस घरातच बसलाय. लाल कारड चुलीवर शिजवू काय?"

डॉ. वाटव्यांनी पुढे होऊन तिला समजावलं की या कामाने ती मरेल. हौसाबाईने ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं. घरी बसून कोण जगलंय ते दाखवा की बाई, असं ती म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच बघायचं होतं.

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं होतं. त्रिशलाबाई पाण्याचा तांब्या आणि संध्याकाळच्या गोळ्या घेऊन आल्या. दिवस बुडायला आलाय, एवढंच त्या म्हणाल्या. बुडाल्यावर ते पाण्याचा थेंब घेणार नाहीत, हे अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं.

भूपालरावांनी गोळ्या हातात घेतल्या. चार होत्या. दुसऱ्या हाताने त्यांनी यंत्राची नळी जवळ ओढली, तोंडाला लावली नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "बारा दिवस झाले गोळ्या सुरू करून. नेर्लेकर डॉक्टर म्हणाले, गुण येतोय. म्हणजे मी रोज थोडा थोडा बरा होणार. आणि रोज फुंकलं तरी ही माणसं थोडी थोडी लाल होत जाणार. धूळ काही बाहेर यायची नाही, पण दीड वर्षात क्षय जाऊन मी शून्याजवळ आलो, की यांच्यातला एकही हिरवा उरायचा नाही."

चाळीस माणसं त्यांच्या तळहाताकडे बघत होती.

"तुम्ही शिकलेल्या आहात," भूपालराव म्हणाले. "पाच मिनिटं आहेत दिवस बुडायला. सांगा, मी ह्या घेऊ का?"