केस काही बिघडेनात

हे तुम्हाला खरं वाटणार नाही, लावा पैज. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही, आणि त्यांत दोन वकील होते. पण जीप भरायला अजून माणसं हवीत, ड्रायव्हर चहाला गेलाय, आणि तळोद्याच्या या स्टँडवर तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे? तेव्हा ऐका.

रंजिता कोरीट गावची. दोन वर्षं परीक्षांच्या मागे लागून शेवटी सातपुड्यात वर, एका आश्रमशाळेत मास्तरीण झाली. अभ्यासाच्या नादात केस मात्र वाऱ्यावर सोडलेले. चांगले कमरेपर्यंत, लाटा लाटांचे… पण लाटांचा पार गुंता झालेला. मामेबहिणीच्या लग्नात कुणीतरी हौसेनं रंग फासला होता, तो वाढून खाली उतरला होता. वर काळे, खाली विटकरी, मधे सरळ रेघ, शाळेच्या भिंतीला असते तशी. कसाबसा वळलेल्या अंबाड्यातून एकदा खडू निघाला, एकदा पेनचं टोपण, आणि एकदा चिमणीचं पिल्लू. पिल्लाची शपथ मी घेणार नाही. बाकीचं खरं.

तर मिरचीचे दिवस. नंदुरबारहून तळोद्याला येणारी जीप, मागे मिरचीची पोती. प्रकाशा गावाजवळ तापीच्या पुलावर वारा शिरला आणि अख्खी जीप शिंकायला लागली. रंजिताला आली ती शिंक इतकी मोठी की मान मागे फेकली गेली, आणि अंबाडा मागच्या माणसाच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकला.

"ओ माय व! कोन ओढी ऱ्हायनं?"

"मी नाही ओढत," मागून आवाज आला. "बॅग ओढतेय."

"मग तिला सांगा सोडायला!"

"सांगतोय. ऐकत नाही. केसांवर जीव जडलेला दिसतोय तिचा."

जीप हसली. कुणीतरी म्हणालं, "कापी टाक ना भो!"

"खबरदार!" रंजिता ओरडली.

"घाबरू नका मॅडम. कापणं माझा धंदाच आहे, पण चालत्या जीपमध्ये नाही कापत." त्यानं बॅगेतून कंगवा काढला आणि त्याच्या टोकदार शेपटीनं एकेक बट सोडवायला लागला. हात इतका हलका, की रंजिताला नुसतं मानेवर ऊन सरकल्यासारखं वाटत होतं. वळून पाहावं तर मान अडकलेली. जीप तळोद्यात शिरली तेव्हा शेवटची एक बट उरली होती. ती सोडवायलाच त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"केस वाईट नाहीत," तो उतरताना म्हणाला. "कुणी विचारपूस केलेली नाही, एवढंच."

तो चंदन. इथंच, स्टँडसमोर त्याच्या मावशीचं, बेबीबाईचं पार्लर. बायकांचे केस कापायला पुरुष म्हणून गावात आधी कुजबुज झाली, पण मावशी दारातच खुर्ची टाकून बसायची, मग कोण काय बोलणार?

पुढच्याच शनिवारी रंजिता त्या खुर्चीत. मोबाइलवरचा फोटो दाखवला, सरळ सुळसुळीत केस, सोनेरी पट्टे.

चंदननं फोटो बघितला, मग आरशात तिला बघितलं. जरा जास्तच बघितलं.

"सकाळी केसांना वेळ किती देता?"

"प्रार्थनेची घंटा होते तेव्हा मी रबर शोधत असते."

"पाणी?"

"टँकर आला तर."

"मग हे सोनेरी पाहुणे नकोत. यांना दर महिन्याला मान द्यावा लागतो. आणि लाट मोडून सरळ केले तर रोज तिच्याशी भांडाल."

"मग काय करू? टक्कल?"

"शोभेल. पण माझी बॅग रडेल."

दारातून मावशी म्हणाली, "चंदन, बोलतस जास्ती नि कापतस कमी!"

त्यानं ठरवलं ते असं. खांद्याच्या जरा खाली, रबरात मावतील इतके लांब. आतून थर काढून भार हलका करायचा, कपाळावर बटा नकोत, त्या वाढल्या की डोळ्यांत जातात. विटकरी रंगावर गडद तपकिरी, तिच्या मूळ रंगाच्या शेजारचा. मुळांना हातच लावायचा नाही, म्हणजे केस वाढले तरी रेघ दिसायची नाही.

"आणि कोरडेच कापतो. ओले असले की लाट लपते, खरं बोलत नाहीत."

रंजिता डोळे मिटून म्हणाली, "असं करा, की सहा महिने इकडे फिरकायलाच नको."

कैची थांबली.

"सहा महिने?"

"जमेल ना?"

"जमेल…" तो हळूच म्हणाला. "जमवलं तर जमेल."

जमलं हो! इथंच सगळा घोटाळा झाला. चंदनच्या हातून त्या दिवशी असं काही काम झालं की केस बिघडेचनात. टपावर सामान, आत माणसं अशा जीपमधून रंजिता धूळ खात वर जायची, उतरून मान झटकली की प्रत्येक लाट आपल्या जागी. डोंगराचा वारा त्यांना उलटेपालटे करायचा आणि स्वतःच दमायचा. एकदा एका शेळीनं टोक तोंडात धरून ओढलं. ओढून ओढून सोडलं, तर बट जाऊन आणखी ऐटीत बसली! शाळेत स्वयंपाक करणारी फुलीबाई रोज म्हणायची, "बाई, तुम्ही रोजच लग्नाला निघाल्यासारख्या दिसता." आणि रंजिताला रडू यायचं. लग्नाला जायचं तर होतं… पण कुठल्या वाटेनं?

कारण पहिल्याच आठवड्यात तिला कळलं होतं, आपण भलतंच मागून बसलो. जायला निमित्तच उरलं नव्हतं. बिनकामाची पार्लरची पायरी चढणारी मास्तरीण? कोरीटला पोचायच्या आत बातमी घरी जेवायला बसली असती.

तेल बंद केलं. विंचरणं बंद केलं. ओल्या केसांची उशी केली. सकाळी आरशात पाहायची, तर काय, आदल्या दिवसापेक्षा छान! कानामागे हात गेला की कंगव्याची ती शेपटी आठवायची, आणि फळ्यावर गणित अर्धं राहायचं.

दर शनिवारी ती पार्लरवरून जायची, मुद्दाम सावकाश. दर शनिवारी नेमकी तेव्हाच चंदनला दाराची काच पुसायची असायची.

एकदा त्यानं धीर केला. "काही तक्रार?"

"नाही… काहीच नाही."

"वाईट वाटलं ऐकून."

"काय?"

"म्हणजे… बरं वाटलं."

दोघंही हसली नाहीत. तो काच पुसत राहिला, ती चालत राहिली. काच एव्हाना इतकी चकचकीत झाली होती की दोन गिऱ्हाइकं तिला धडकली.

आणि एका शनिवारी बाजारात वांगी निवडताना बेबीबाई तिला म्हणाली, "चंदनले सुरतथून बलावनं येल शे. मोठं पार्लर शे म्हणे. रविवारे जाई ऱ्हायना."

रंजिताच्या हातातलं वांगं खाली पडलं.

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर. जाऊन सांगावं, थांबा? कुठल्या नात्यानं? तो तरी कधी काही म्हणाला का? सकाळी तिनं हस्तकलेच्या तासाची कात्री घेतली, मुलांची, बोथट, कागद कापायची. आरशासमोर उभी राहिली, डोळे घट्ट मिटले, आणि कानाजवळची एक बट, कचकन… वाकडीतिकडी, टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी. आपलं रूप बिघडलेलं पाहून आजवर कुणाला एवढा आनंद झाला नसेल! तक्रार मिळाली होती. ओढणीही न घेता ती पहिल्या जीपकडे धावत निघाली, ती बट हातात धरून, जणू पावतीच.

पण पोचली तेव्हा… काय सांगू. दार बंद. कुलूप. सुरतची गाडी गेलेली. काच मात्र अजून ओली होती, नुकतीच कुणी पुसल्यासारखी. रंजिता तिथंच पायरीवर बसली. ती अशी रडली की त्या साली उन्हाळ्यात तापीचं पाणी हातभर वाढलं, सारंगखेड्याच्या लोकांना विचारा. चंदन पुन्हा आला नाही. आणि ती अजून दर शनिवारी इथून जाते, तशीच, मुद्दाम सावकाश…

"खोटं!"

समोरच्या पार्लरच्या दारातून, हातातला झाडू उगारत, बेबीबाई कडाडली.

"खोटं बोली ऱ्हायना हाऊ बुढा! कोन गया सुरतले? ती उनी तवय चंदन बॅग भरीसन दारमाच उभा व्हता. ती बट देखी, हासना, म्हने, 'हाई कोनी करं?' ती म्हने, 'तुमीच. इतकं चांगलं कापाले कोनी सांगं व्हतं?' तथेच त्यानी बॅग उघाडी नि कैच्या परत मांड्या. तवयपासून दर रविवारे ती येस, नि चंदन दोन-दोन तास कैची वाजाडस. नि मी मांगून झाडू मारस, तं खाले एक बी केस सापडत नही!"